खाल्लं का

आज चौथा दिवस.
बशीतल्या दुधावर साय धरली, सुकली,
कडेला पिवळी रेघ ठेवून मोरीत गेली.
ठकी पलंगाखाली, माझ्या जुन्या स्वेटरवर,
पुढचे पाय पोटाखाली मुडपून,
भिंतीकडे तोंड.
बाहेर अख्खं जनकगंज धुक्यात.
समोरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज येतो,
गिरणी दिसत नाही.

सोळा वर्षांची.
काय काय चोरलं हिनं या घरात :
श्राद्धाच्या पानावरचा वडा,
व्याह्यांच्या ताटातलं श्रीखंड, ते समोर बसलेले असताना,
आणि एकदा लोण्याचा अख्खा गोळा,
मग बाजूला बसून
इतक्या शांतपणे पंजा चाटला
की बोलणी आमच्या मुलीला बसली.
नाव उगाच नाही ठेवलं.

डॉक्टर भदौरियांनी पोट चाचपलं, हिरडी पाहिली.
"बाबूजी, गुर्दे थक गए हैं."
जणू बिजली दफ्तरातले दोन चपराशी,
जन्मभर फायली वाहून आता बाकावर टेकलेले.
वजन दोन किलो तीनशे.
मला वाण्याकडची तूरडाळ आठवली
आणि लाज वाटली.

सलाईनची बाटली टांगायला
भिंतीला एकच खिळा, कॅलेंडरचा.
कॅलेंडर उतरवलं.
आता वार कोणता ते पेपरवाल्याला विचारतो.
मानेमागची कातडी चिमटीत धरली
की तंबूसारखी उभी राहते
आणि सोडली तरी उभीच.
सुई टोचताना मी डोळे मिटून घेतो,
मग आठवतं, टोचणारा मीच आहे.

आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलेलं नाही.
काल कंपूवरच्या अनीसकडून पावभर कोंबडी आणली,
पिशवीत पिशवी, वर मेथीची जुडी.
मागच्या अंगणात शेगडीवर शिजवली,
कान तुटलेल्या पातेलीत.
आज थंडी फार.
आज आतल्याच गॅसवर.
मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात,
तसं देवांकडे पाठ करून
मी ते पाणी गाळलं.

सुई काढलेली सिरिंज, पाच मिली.
गालाच्या कोपऱ्यातून, थेंब थेंब.
दोन आत, तीन माझ्या बाहीवर.
काही बोलावं म्हणून म्हटलं, हा घास काऊचा.
काही नाही.
हा घास चिऊचा.
चिऊ म्हणताच कान हलला.
डावा.
दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिलं :
अकरा चाळीस, दोन मिली, कान.

रात्री उज्जैनहून मालिनीचा फोन.
मुलीचं बाळंतपण, ती महिनाभर तिकडेच.
"खाल्लं का?"
कोणी, ते ती विचारत नाही,
आणि आपल्या भाषेत विचारावंही लागत नाही.
"थोडंसं," मी म्हणतो,
दोघांच्या वतीनं.
मागे नातू रडत असतो.
त्यालाही सध्या चमच्यानं, मोजून.
परवाची गाडी आहे तिची, पण धुकं असंच राहिलं
तर परवा म्हणजे नक्की केव्हा
हे स्टेशनातही कोणी सांगत नाही.
ठकीला सांगितलं हे. थांब म्हटलं नाही.

मग खिचडी ढवळता ढवळता लक्षात आलं :
दिलेलं हिनं कधी खाल्लंच नाही.

आता कोंबडीचं पाणी कोमट करून
वाटीत, पलंगाजवळ.
वर झाकण, अर्धंच.
दिवा बारीक.
"मी बाहेर बसतोय बरं का," मोठ्यानं म्हटलं,
"इथं कोणी नाही."
आणि खुर्ची फिरवून
कालचाच पेपर उलटा-सुलटा वाचतोय.

गिरणी थांबली.
झाकण वाजलं की काय ओरडायचं
ते तयार आहे तोंडात,
ठके, मेले, थांब, आलेच मी काठी घेऊन,
सोळा वर्षांचं जुनं,
जिभेच्या टोकाशी धरून बसलोय,
निवू देत नाही.