रडला, अशी नोंद

सोहारचा दवाखाना, खोली नंबर चार.
वजन बरोबर. उंची बरोबर. डोक्याचा घेर बरोबर.
नऊ महिन्यांचा इझहान
सुई टोचली तरी ओठ नुसते वाकडे करतो,
आवाज गिळतो,
आणि बघत राहतो एसीच्या हिरव्या ठिपक्याकडे.

"किती शहाणा!" लिसम्मा म्हणते, कापूस दाबत.
त्याची आई शबिस्ता, मुरूडची,
बाळाचं टोपडं सारखं करते,
आधीच सारखं असलेलं.

पूर्वी मी पुढचं नाव पुकारलं असतं.
बाहेर बावीस बायका ताटकळतायत.
पण डॉक्टर शमसा सांगतात,
घाई असेल तेव्हा आधी पेन खाली ठेव.
मी पेन ठेवते. चपला काढते.
सतरंजीवर बसते, गुडघे कुरकुरतात,
आणि विचारते,
बाळाचं नाही, तुझं कसं चाललंय?

"बरंय."
मग बराच वेळ नुसता एसी.
मग हळूहळू:
एकच खोली. नवरा बंदरावर क्रेन चालवतो, रात्रपाळी.
दिवसभर तो झोपतो जाड पडद्यामागं
आणि दिवसभर ही म्हणते, श्श.
भात पातेल्यात शिजवते, शिट्टी नको म्हणून.
बाळानं हुंकार दिला, श्श.
खुळखुळा कपाटावर, कापडात गुंडाळलेला.
"आता करतच नाही काही. गुणी आहे," ती म्हणते
आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो.
"माझा आवाजपण मला संध्याकाळीच ऐकू येतो,
अम्मीचा फोन आला की."

पत्रकं देता आली असती.
चार भाषांत आहेत, चित्रांसकट.
पण इझहाननं जीभ किंचित बाहेर काढलीय.
मीही काढते. थांबते.
(हे थांबणं शिकायला मला अकरा वर्षं लागली.)
तो पुन्हा काढतो.
"बघ, विचारतोय," मी म्हणते.
"मला नाही गं. मी नुसता सराव. तुला."

शबिस्ता आधी दाराकडं बघते,
पलीकडं कुणी झोपलंय का, तसं.
मग जीभ काढते, थोडीशी,
शाळेत बाई पाठमोऱ्या असताना काढावी तशी.

जाताना एवढंच सांगते:
दुपारी जिन्यात बस त्याला घेऊन, तिथं घुमतं.
ओरडा दोघं.
आणि सुट्टीला नवऱ्यालाही ने.
त्यानं तरी कुठं ऐकलाय
आपल्या पोराचा आवाज.

पाच आठवड्यांनी
वजनकाट्यासाठी मी इझहानला उचलते
आणि तो असं भोकाड पसरतो
की बाहेरच्या साऱ्या बायका चिडीचूप.
पाठीची कमान, हात आईकडं,
एक लाथ थेट माझ्या चष्म्याला.
शबिस्ता ओशाळते:
"आता परकं माणूस चालतच नाही हो त्याला."
मी हसते. हसू मध्येच कुठंतरी अडकतं.

विमानतळावर, दोन वर्षांनी घरी परतले तेव्हा
ऋजुताला घ्यायला मी हात पुढं केले.
आठ महिन्यांची ठेवून आले होते तिला.
ती अश्शीच किंचाळली,
अश्शीच झेपावली, माझ्या बहिणीकडं.
सोनेरी कागदातली चॉकलेटं फरशीवर घरंगळली,
कुणी उचलली आठवत नाही.
ते रडणं मी एकोणीस वर्षं
माझ्याविरुद्धची तक्रार म्हणून जपलं.
ती तर फक्त सांगत होती
की तिला कुणीतरी आहे.

फॉर्मवर यासाठी चौकोन नाही.
मी समासात लिहिते:
रडला. आईकडं गेला. गप्प झाला.

संध्याकाळी शमसा ते वाचतात,
छोट्या कपात कहवा ओततात, वेलचीचा,
खजुराची बशी सरकवतात.
"आणि तुझं?"

"बरंय," मी म्हणते, मराठीतच.

त्या पेन खाली ठेवतात.