कारणासाठी दिलेली जागा

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
स्टँप पेपर तपासले.
दिव्यासमोर धरायचा, वॉटरमार्क बघायचा,
शाई फुटलेला, कड सरकलेला ताव
डाव्या हाताला टाकायचा.
चुकीचा कागद फाटकाबाहेर गेला
तर नोकरी गेली, एवढं साधं होतं.

आणि मागच्या मंगळवारी
कॉलेज रोडच्या एका गारेगार दुकानात
तसल्याच पाचशेच्या कागदावर
सही करून आलो,
दिव्यासमोर न धरता.

स्वयंपाकघर, संपूर्ण नूतनीकरण.
चार लाख साठ हजार, आगाऊ एकवीस.
काम सुरू सोमवारी, सकाळी दहा.
हर्षल निकुंभ म्हणाला, काका, काकूंना सरप्राइज द्या.
पोरगं गोड होतं. कोल्ड कॉफी पाजली,
वर चॉकलेटची भुकटी.

मंदाकिनीनं रंगीत चित्र चष्म्याजवळ नेलं,
बराच वेळ बघितलं.
चांगलं आहे, म्हणाली.
ती चांगलं आहे कसं म्हणते
हे मला तेव्हा कळायला हवं होतं.
मग दोन दिवस खोकी भरत राहिली:
डबे, परात, किसण्या,
येवल्याच्या बहिणीनं दिलेला खलबत्ता
जुन्या पेपरात गुंडाळून.
टीव्हीसमोर खोक्यांची भिंत उभी राहिली.

शुक्रवारी रात्री पाणी प्यायला उठलो
तर ती रिकाम्या स्वयंपाकघरात,
हातात माझा टेप.
भिंतीवर छत्तीस इंचांवर खडूची रेघ.
रेघ तिच्या कोपराच्या वर.
पोळी लाटायची तर खांदे उचलून.

"भाजी निवडायला मी खाली बसते," ती म्हणाली.
"चित्रात खाली बसायला जागा आहे का?"
मी चित्र दिव्याखाली धरलं.
मधोमध बेटासारखा ओटा, दोन उंच स्टुलं,
काचेच्या भांड्यात पिवळीजर्द लिंबं.
लिंबं अशी मांडून कोण ठेवतं.
जमीन कुठेच नव्हती.

शनिवारी बिटकोवरून बस धरली.
द्वारकेला ती अर्धा तास अडकली,
तेवढ्यात कलम नऊ चारदा वाचून झालं:
काम सुरू होण्यापूर्वी, लेखी, कारणासह,
आगाऊ रकमेतून दहा टक्के वजा.
भांडण पाठ करत गेलो:
प्लायचा दर्जा, बाजारभाव,
मुलगा पुण्याहून यायचाय,
डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलीय.

निकुंभ भांडलाच नाही.
कॉफी मात्र विचारली नाही.
एक फॉर्म सरकवला. नाव, पत्ता, करार क्रमांक,
आणि "कारण" या शब्दापुढे
बोटभर ओळ.

पेन तिथं थांबलं.
प्लाय मावला असता. धूळ तर सहज बसली असती.
लिहिलं: घरात विचारलं नव्हतं.
निकुंभनं वाचलं, संगणकात डोकं घातलं.
"हे सिस्टिम घेत नाही, काका.
'इतर' टाकतो."

कागदावर तिरपा शिक्का बसला, रद्द.
सवयीनं मी तो उजेडाकडे धरला.
शिक्क्याखालून माझी सही दिसत होती,
जरा जास्तच वळणदार.

घरी सांगितलं, एकवीसशे कापले.
"एवढ्यात पाच लिटरचा कुकर आला असता,"
असं म्हणून तिनं पहिलं खोकं फोडलं.

रविवारभर ड्रिल माझ्या हातात.
माझ्या उंचीला ठोकलेली फळी
तिनं माझ्याकडूनच फूटभर खाली आणवली.
चुन्याची पूड चष्म्यावर, पायांवर.
ती पाटावर बसून सांगत होती: अजून. अजून थोडी.

सोमवारी दहाला दारात कोणी आलं नाही.
डबे सगळे लागले होते,
जुन्या जागी एकही नाही.

आता चहा करायला जातो
आणि साखर सापडत नाही.
हाक मारतो, विचारतो.
"खाली वाकून बघा," ती म्हणते.