नवतप्यातली शिकवणी

धंतोलीतल्या आमच्या लॅबमध्ये एका टेबलावर दोन मशिनी.
डावी कुलूपबंद. आवृत्ती तीन पूर्णांक दोन,
मंजुरीचा कागद लॅमिनेट करून भिंतीला.
तिची एक ओळ बदलायची तर दिल्लीपर्यंत फाईल.
उजवी चाचणीवर आलेली,
चूक दाखवली की रात्रीतून सुधारणारी.

मे लागला. कूलरच्या दमट झोतात
रक्ताच्या काचा सुकेनात,
पेशी लांबायच्या, मुडपायच्या,
आणि डावी ओरडायची : सिकल. सिकल. सिकल.
दरवर्षी हेच. म्हणून तिच्या कपाळावर माझी चिठ्ठी :
मे-जून, डोळ्यांनी पुन्हा बघा.
टेंभुर्णे म्हणायचा, "मॅडम, हे शिकत काहून नाई?
बैलबी दुसऱ्या साली वाट धरते."
पाचपावलीची एक सोयरीक
तिच्या त्या एका शब्दावर महिनाभर लटकली होती.

उजवीही ओरडली, पहिल्या दिवशी.
मी 'नाही' दाबलं.
नवतपा उलटेपर्यंत रोज सत्तर-ऐंशी वेळा, नाही.
ती शहाणी झाली.
आम्ही थट्टेत तिच्यापुढे संत्रा बर्फी ठेवली.

जुलैत कूलर बंद.
देवलापारहून निहाल उईके आला, नऊ वर्षांचा,
गुडघे धरून, न रडता.
उजवी म्हणाली : सुकण्यातला दोष.
डावी ओरडली, तीच, नेहमीची अडाणी.
चिठ्ठीत जुलै नव्हता.
मी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

खोटे विळे एकाच दिशेला निजतात,
पंगतीत बसवल्यासारखे.
हे चहूकडे विखुरलेले,
कापणी टाकून कुणी पळाल्यासारखे.

दिशेचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.
तसं बटणच नव्हतं.

चौकशीचा फॉर्म आला. रकाना सात :
अल्गोरिदममध्ये बदल कोणी केला?
कंपनीचा पोरगा फोनवर म्हणाला, "हवामान लिहा ना."
मी लिहिलं, वैजयंती खोब्रागडे,
आणि खाली तारखा. सगळ्या.

आता उजवीला रात्री शिकायला बंदी.
आठवडाभराचं शिकलेलं ती सोमवारी पुढ्यात ठेवते,
जुन्या दीडशे काचांवर परीक्षा देते,
मग सही.
त्या काचांत निहालची एक आहे.

डावीची चिठ्ठी उन्हाने पिवळी पडलीय, बदलायची राहिलीय.
आणि विळा दिसला की
माझं बोट अजून
आधी 'नाही'कडे जातं.