शेवटची बस गेली का

बर्फावरचं पाऊल मी बटाट्याच्या पिठातून काढते.
चामड्याची जुनी पिशवी, आत दोन किलो पीठ,
मुठीनं दाबायचं, सोडायचं.
कर्र. आणि मग अर्धं कर्र,
कारण तिचा डावा पाय थोडा ओढत येतो.
थोडा म्हणजे किती, यावर आमचे तीन दिवस गेले.

सेंदाईत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
आम्ही पाच जण एक भूत बनवतो आहोत.
खेळणाऱ्याची बोबडी वळली पाहिजे,
असं करारात जवळजवळ याच शब्दांत लिहिलंय.

भूत आमचं नाही. ऐकीव आहे.
आकिताकडच्या घाटात, बोगद्याच्या तोंडाशी बसथांबा.
रात्री तिथं एक बाई असते, हातात कांद्याच्या पातीची जुडी.
गाडीच्या काचेशी वाकून विचारते,
शेवटची बस गेली का?
हो म्हणालात, तर ती मागच्या सीटवर बसलेली असते.
नाही म्हणालात, तर तुम्ही थांबता तिच्यासोबत
आणि बर्फ वितळलं की सापडता.
प्रत्येकाच्या मामेभावाचा एखादा मित्र असतोच
ज्यानं तिला पाहिलंय.

म्हणून खेळात उपाय एकच: पळा.
कुरामोतोनं पळण्याचे सात प्रकार लिहिले,
घसरणं, धाप लागणं, बॅटरी मंदावणं.
बोगद्यात तीनशे चाळीस पावलं,
सगळी माझी, पिठातली.
चाचणीला पंधरा पोरं आली, पंधराही पळाली.
एक तर हेडफोन फेकून रडला.
त्या आनंदात कुरामोतोनं सगळ्यांना बिअर पाजली.

गुरुवारी रात्री केर काढायला तोमेको-सान येतात.
सत्तरी ओलांडलेली, पडद्याकडे कधी न बघणारी बाई.
त्या दिवशी म्हणाल्या, मी बघू का जरा?
रबरी हातमोजे काढले, खुर्चीच्या कडेला टेकल्या,
कंट्रोलर धरला गरम वाडगा धरावा तसा.

कर्र. अर्धं कर्र.
शेवटची बस गेली का?

पळा, मी म्हटलं, गोल बटण दाबा.
पण ती काहीतरी विचारते आहे ना, त्या म्हणाल्या
आणि उत्तराचं बटण शोधू लागल्या.
ते नाही.
बाकावर बसायचं?
तेही नाही.
मग कंट्रोलर मांडीवर ठेवून त्या नुसत्या थांबल्या.

भूत येत राहिलं. त्याला थांबायला कुणी शिवकलेलंच नव्हतं.
चेहरा मोठा झाला, आणखी मोठा, आमच्यातून आरपार गेला,
आणि आम्ही तिच्या डोक्याच्या आत होतो.
जबडा आतून. दातांची मागची बाजू,
रंग न दिलेली, करडी.
डोळ्यांच्या दोन भोकांतून
दिसत होता रस्ता, पडतं बर्फ,
आणि लांबवर काही नाही.
आवाजही नाही. तिथला आवाज मी केलाच नव्हता.
खालच्या दवाखान्यातला फ्रिज तेवढा घुमत होता.

आमची नऊ दहाची होती, तोमेको-सान म्हणाल्या.
एका वर्षी वेळ बदलली. कागद चिकटवला होता,
भिजून पडला असेल.
मी एका गाडीला हात केला, विचारायला.
त्यानं वेगच वाढवला.
त्याचा चेहरा अजून आठवतो हो,
इतका भ्यालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.
मग हातमोजे चढवून
त्यांनी टेबलाखालची टोपली उपसली.

मी दोष नोंदवला, क्रमांक अकराशे ब्याऐंशी:
खेळणारा पळत नाही.
अपेक्षित: मृत्यू. प्रत्यक्षात: काहीच नाही.
कुरामोतोनं शेरा मारला, असं करतं कोण, आणि बंद केला.

शनिवारी पहाटे मी बसच्या डेपोत गेले,
माईक कोटाच्या बाहीत लपवून.
ड्रायव्हरनं विचारलं, काय टिपताय?
दार, म्हटलं. दार उघडतानाची हवा.
तो हसला. त्यात काय, म्हणाला,
ते तर प्रत्येक थांब्यावर उघडतं.
तरी त्यानं माझ्यासाठी दोनदा उघडलं.