खुर्ची

बेल्जियममधल्या गेल गावी
गोडेलीव्हच्या घरी वानेस राहतो, अकरा वर्षं,
ना नात्याचा ना भाडेकरू.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या:
मेंदूत डोपामिनसाठी खुर्च्या असतात,
गोळी आधीच जाऊन बसते,
निरोप्या उभाच राहतो.

आता रेडिओ नुसता रेडिओ असतो.
पाय मात्र टेबलाखाली
सारखे कुठेतरी निघालेले.
पँटचं बटण दोनदा सरकवलंय.
सकाळी उशी ओली. रडून नव्हे, लाळेनं.

"येतात का रे अजून आवाज?"
बटाटे सोलता सोलता ती विचारते.

"नाही. एक बाई होती,
माझी पावलं मोजायची.
आता मलाच मोजावी लागतात."

तो दोन्ही हातांनी कप धरतो.
गोडेलीव्ह कॉफी अर्धा कपच ओतते,
कधीपासून,
काही न बोलता.