शेकडेवारी

रविवारी जिनिंगचा काटा रिकामा असतो.
झिपरू अप्पाला म्हटलं, पोरीला तोलायचंय.
तो हसला,
मग माझं तोंड बघून थांबला.

हर्षाली चपला काढून उभी राहिली,
देवळात शिरल्यासारखी.
तीस किलो.
मग एकटं दप्तर,
पाच किलो चारशे.
गाईडं, डबा, भरलेली बाटली,
आणि रोज न लागणारा जाडजूड नकाशासंग्रह.
"घरी ठेवला आणि बोरसे सरांनी नेमका मागितला तर?"

पंधरा दिवस सांगत होती,
आबा, मनी कंबर दुखस.
मी म्हणायचो, पोरांना कुठं कंबर असते गं.
मलाही कुणी असंच म्हणालं होतं
धरणगावच्या मालधक्क्यावर,
पहिल्या पोत्याखाली.

नुसतं दप्तर असतं तर सोपं होतं,
दोन पुस्तकं काढली असती.
पण मी हमाल आहे,
सगळा दोष ओझ्याच्या माथी मारत नाही.
ते कसं घेतलं, किती वेळ घेतलं,
उतरवल्यावर अंग कुठं टेकलं, तेही बघतो.

तर बघितलं.
एकाच खांद्यावर लटकवते, मैत्रिणी लटकवतात म्हणून.
बाक तिघींचा, बसतात चौघी,
ही कडेला, अर्धी बाहेर,
मागे टेकायला फळी नाही.
यंदा चार बोटं वाढली. बाक तेवढाच.
खेळाच्या तासाला गणित,
शाळेनंतर क्लास, तोही फरशीवर.
नळ आला की कळशी डाव्या कमरेवर,
नेहमी डाव्याच.
रात्री खाटेवर मोबाइलभोवती
वाळलेल्या शेंगेसारखी वाकून.

आणि एक गोष्ट कुठल्याच काट्यावर चढेना:
चाचणीचे गुण कळले
त्या रात्री सगळ्यात जास्त दुखलं.

दवाखान्यात तिला वाकवलं, दाबलं, फोटो काढला.
फोटोत काही नाही, म्हणाले.
माझ्याही फोटोत काही नव्हतं.

तिला सध्या शेकडेवारी आहे.
काट्याच्या पाटीवरच खडूने मांडली.
"माझं अठरा टक्के."
मग मान वर करून,
"आबा, तुझं पोतं किती?"
पन्नास, म्हटलं. पूर्वी शंभराचं असायचं,
भांडून भांडून अर्धं केलं.
"आणि तू?"
साठ.
खडू बराच वेळ चालला.
त्र्याऐंशी पूर्णांक तेहेतीस,
पुढे तीनच तीन, संपेचनात.
तिने तळहाताने ते पुसलं. माझंच फक्त.

मला शिकवता येतं ते एवढंच,
म्हणून तिथंच शिकवलं:
दोन्ही पट्टे. ओझं पाठीला चिकटून.
उचलताना गुडघ्यात बस, कमरेत वाकू नको.
बाकाचं मी उद्या शाळेत जाऊन बोलतो.
काय बोलणार, माहीत नाही.
भांडता येतं, एवढं माहीत आहे.

घरी येऊन तिने दप्तर उतरवलं,
गुडघ्यात बसून, नीट.
उठताना मात्र
हात मांडीवर टेकला, तोंडातून हं निघालं,
अगदी माझ्यासारखं.
हे मी शिकवलं नव्हतं.