काटा

आज नववा दिवस.
कॅलेंडरवर खूण नाही,
त्या चौकोनात दुधाचा हिशेब आहे,
दीड लिटर, दीड, दोन.
दोन का घेतलं ते आठवत नाही.

जिभेवर धातूची चव आहे,
सोमवारपासून.
दुसऱ्या बाईला याचा अर्थ लागला असता.
मी बसते गुजरीत, पोपटशेठच्या पेढीवर,
दिवसभर चांदी हाताळते,
दोरा दातानं तोडते, वजनाच्या चिठ्ठ्या ओठांत धरते.
अकरा वर्षांत चांदी कधी तोंडात गेलीच नाही
असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.
छातीवर हात ठेवला तर दुखतं.
तेही सोमवारपासूनच.

दुपारी तीनला झोप येते,
बिलबुकावर पेन आपलं आपण सरकत जातं.
वरच्या मोरीकडं चौथ्यांदा निघाले
तर हिशेबनीस म्हणाले, "पाणी कमी पी गं, जिना झिजंल."
ऊन आहे. पाणी मी पितेच.
पित्त आईलाही होतं.
मागच्या दिवाळीच्या गर्दीत
तारीख सहा दिवस सरकली होती.
प्रत्येक गोष्टीला दुसरं एक कारण आहे,
सगळी कारणं एका पारड्यात घातली
तरी ते खाली जात नाही.

रविवारी संताजीनं मटण आणलं.
पांढऱ्या रश्श्याला उकळी फुटली
आणि मी गच्चीवर गेले, वाळत घातलेलं काढायला.
सगळं ओलं होतं.
ओला टॉवेल घेऊन खाली आले.
सासूबाईंनी टॉवेलकडं बघितलं,
काही बोलल्या नाहीत,
माझ्या ताटात ताक आणि भाकरी वाढली.

दिवस गेलेत का, असं विचारतात आपल्यात.
गेलेत की.
नऊ वर्षं दर महिन्याला गेले.

दोन वर्षांमागं अकराव्या दिवशी
मी सांगून टाकलं होतं.
पेढे आले, अंबाबाईला ओटी बोलली,
नणंदेनं जुनी झबली धुऊन ठेवली.
तेराव्या दिवशी दसरा चौकात,
केएमटीच्या खिडकीजवळच्या सीटवर, कळलं.
ओढणी कमरेला बांधून घरी आले.
मग आठवडाभर
घरात कुणी भांडंसुद्धा आपटलं नाही.
पुन्हा ती शांतता नको.
दुसरं काहीही चालेल.

म्हणून काल राजारामपुरीत गेले,
आठव्या गल्लीत, जिथं मला कुणी ओळखत नाही.
पोरानं पाकीट आधी पेपरात गुंडाळलं,
मग काळ्या पिशवीत घातलं,
आणि छताकडं बघत म्हणाला,
"सकाळचं पहिलं."
ते पर्समध्ये आहे, डब्याच्या खाली.
आजची सकाळ गेली. मी उठले, जाऊन आले,
पाकीट तिथंच होतं.

संध्याकाळी हुपरीचा माल आला.
एक आजोबा वाळे घ्यायला आलेले,
पहिला नातू, हसू मिशीत मावेना.
शेठ ओरडले, "पंखा बंद करा."
काचेची दारं लावायची,
हात मागं घ्यायचा,
श्वाससुद्धा बाजूला सोडायचा.
शेवटचा आकडा थरथरतो,
चढतो, उतरतो, पुन्हा चढतो.
तो थांबेपर्यंत
पेढीवर कुणी भाव बोलत नाही.
आजोबाही नाही बोलले.

रात्री मी उठून पंखा बंद केला.
बाहेर गल्लीत कुणीतरी शटर ओढलं.
संताजी कुशीवर वळला.
"पंखा का बंद केलीस गं? शिजाय लागलोय."
"थांब जरा," म्हटलं,
"काटा थांबू दे."

वाटलं, आता उठेल, बटण दाबेल,
वेड लागलंय म्हणेल.
तो पडून राहिला.
गळ्याचा घाम पुसला,
रोज माझ्या पोटावर टाकतो तो हात
अर्ध्यातून मागं घेतला
आणि उशीखाली ठेवला.